स्वस्त अवजारांच्या खरेदीचे मूल्यमापन : वणी परिसरातील शेती व कारागिरीच्या संदर्भात

सारांश

कमी किमतीची अवजारे घ्यावीत की नाही, हा प्रश्न सामान्यतः 'स्वस्त की टिकाऊ' अशा दोन टोकांत मांडला जातो. प्रस्तुत लेखात ही मांडणी अपुरी असल्याचे दाखविले आहे. अवजाराची योग्यता ठरविताना त्याचा वार्षिक वापर, दुरुस्तीची सोय आणि ते निकामी झाल्यास होणारे नुकसान कोणाच्या वाट्याला येते, या तीन बाबी किमतीपेक्षा अधिक निर्णायक ठरतात. दिंडोरी तालुक्यातील वणी परिसरात द्राक्षछाटणीसाठी लागणारी कात्री व लोखंडी कामाच्या दुकानांतील हत्यारे यांच्या उदाहरणांतून हे विवेचन केले आहे.

बीजशब्द : अवजारे, सवलतीची किंमत, वापराचा दैनिक खर्च, बलुतेदारी, द्राक्षछाटणी, ग्राहक संरक्षण.

१. प्रस्तावना

वणी हे नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील बाजाराचे गाव. सप्तशृंगी गडाच्या वाटेवर असल्यामुळे चैत्रोत्सवात व नवरात्रात येथे भाविकांची मोठी वर्दळ असते. परिसराचे अर्थकारण मात्र प्रामुख्याने द्राक्ष, टोमॅटो व भाजीपाला यांवर उभे आहे. द्राक्षबागेत वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात, फळ काढून झाल्यावर, खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. या कामासाठी स्थानिक मजुरांबरोबर सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतूनही मजूर येतात. बागांना लोखंडी मांडव लागतात, म्हणून वेल्डिंग व लोखंडी कामाची दुकाने चालतात. ट्रॅक्टर व फवारणी यंत्रे आहेत म्हणून गॅरेज चालतात. अशा गावात अवजार ही चैनीची वस्तू नसून उपजीविकेचे साधन असते.

या साधनांचा बाजार अलीकडच्या काळात पुष्कळ बदलला आहे. रस्त्यावरचा हातगाडीवाला, तालुक्याचे दुकान व घरपोच वस्तू देणारी संकेतस्थळे या तिन्ही ठिकाणी 'निम्म्या किमतीत', 'सत्तर टक्के सूट' अशा पाट्यांखाली पाने, पकडी, कात्र्या, ड्रिल व ग्राइंडर विकले जातात. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण ठाऊक असलेला ग्राहकही अशा वेळी गोंधळतो. कारण प्रत्येक स्वस्त वस्तू वाईट नसते आणि प्रत्येक महाग वस्तू परवडणारी ठरत नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

अवजाराची किंमत व त्याचा प्रत्यक्ष खर्च यांतील फरक स्पष्ट करणे, स्वस्त अवजार केव्हा योग्य व केव्हा अयोग्य याचे निकष मांडणे आणि ग्राहकाला दुकानातच करता येतील अशा साध्या कसोट्या सुचविणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. यातील खर्चाचा हिशेब हा रीत समजावी म्हणून गृहीत आकड्यांवर केलेला आहे. तो सर्वेक्षणाचा निष्कर्ष नव्हे. वाचकाने आपल्या गावचे दर व मजुरी घालून तो पुन्हा करून पाहावा, अशी अपेक्षा आहे.

३. अवजार आणि दुरुस्ती यांची फारकत

स्वस्त अवजाराचा प्रश्न नीट समजण्यासाठी गावगाड्यातील जुनी व्यवस्था लक्षात घेणे उपयुक्त ठरते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे वर्णन आहे. या व्यवस्थेत लोहार शेतकऱ्याचा फाळ, विळा, खुरपे, कुऱ्हाड वर्षभर शेवटून देई आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने आपले बलुते घेई. म्हणजे शेतकरी एकेका वेळच्या धारेचे मोल देत नसे, तर वर्षभराच्या चालू अवजाराचे मोल देई. ही व्यवस्था जातिबद्ध व विषम होती, तिचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु अवजाराच्या मोलात त्याची देखभाल धरलेली असे, हे तिचे वैशिष्ट्य आर्थिकदृष्ट्या महत्त्वाचे आहे.

आजच्या खरेदीत ही सांगड तुटली आहे. किमतीच्या चिठ्ठीवर केवळ वस्तूचे मोल असते. तिला धार कोण लावील, तुटलेली स्प्रिंग कोठे मिळेल, पाते बदलता येईल काय, याचे उत्तर त्या चिठ्ठीवर नसते. सवलतीचे अवजार बहुधा याच ठिकाणी स्वस्त झालेले असते. रिव्हेट ठोकून कायमची बंद केलेली कात्री बनविण्यास सोपी असते, परंतु ती उघडून पाते बदलता येत नाही. याच्या उलट स्वित्झर्लंडमधील फेल्को या १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या छाटणीच्या कात्र्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. तिचे पाते, स्प्रिंग, नट असे भाग स्वतंत्रपणे विकत मिळतात. तेथे अवजारासोबत दुरुस्तीची हमीही विकली जाते.

४. किंमत आणि दैनिक खर्च

द्राक्षबागेत अवजारावर किती ताण येतो, हे प्रथम पाहू. नऊ फूट बाय पाच फूट अंतरावर लागवड केल्यास एका एकरात सुमारे ९६८ वेली बसतात. प्रत्येक वेलीवर सरासरी ३० काड्या धरल्या तर एका छाटणीत एकरी २९ हजारांहून अधिक वेळा कात्री मिटावी लागते. घरच्या कुंडीतील गुलाब छाटणाऱ्या माणसाच्या हातून इतके काप आयुष्यभरातही होणार नाहीत. म्हणून 'ही कात्री चांगली आहे का' या प्रश्नाला 'कोणत्या कामासाठी' हे जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आता तीन कात्र्यांची तुलना करू. मजुरी आठ तासांच्या दिवसाला ४८० रुपये, म्हणजे मिनिटाला एक रुपया, असे गृहीत धरले आहे.

कात्री 'अ' : किंमत १५० रुपये. नित्य कामात २० दिवस टिकते. अडकणे, धार जाणे, पुन्हा पुन्हा दाबावे लागणे यांत रोज २० मिनिटे वाया जातात. दैनिक खर्च : ७.५० रुपये घसारा व २० रुपये वेळेचे, एकूण २७.५० रुपये.

कात्री 'ब' : किंमत ६०० रुपये. मध्यंतरी १५० रुपयांचे पाते बदलून एकूण ३०० दिवस चालते. रोज ५ मिनिटे धार लावण्यात जातात. दैनिक खर्च : २.५० रुपये घसारा व ५ रुपये वेळेचे, एकूण ७.५० रुपये.

कात्री 'क' : किंमत ६,००० रुपये. सुट्या भागांवर आणखी ३,००० रुपये खर्चून ३,००० दिवस चालते. धारेला रोज ५ मिनिटे. दैनिक खर्च : ३ रुपये घसारा व ५ रुपये वेळेचे, एकूण ८ रुपये.

या हिशेबातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, सर्वांत कमी किमतीची कात्री नित्य वापरात सर्वांत महाग पडते आणि तिचा मोठा खर्च किमतीत नसून वाया गेलेल्या वेळेत असतो. दुसरी, सर्वांत महाग कात्री मधल्या कात्रीपेक्षा स्वस्त पडतेच असे नाही. वर्षाला १५ दिवस छाटणी करणाऱ्या लहान बागायतदाराला तीन हजार दिवस भरण्यास दोनशे वर्षे लागतील. ज्याची वर्षातील दीडशे दिवस छाटणीची कामे चालतात, त्यालाच तिचा विचार करता येईल. त्याच्या बाबतीत हाताला पडणारा कमी श्रम हाही हिशेबात धरावा लागेल. तिसरी, 'अ' व 'ब' यांची बरोबरी नेमकी केव्हा होते हे काढता येते. 'ब' घेताना ४५० रुपये जास्त जातात. रोज १५ मिनिटे वाचल्याने वीस दिवसांत ३०० रुपये भरून येतात आणि एकविसाव्या दिवशी नवी 'अ' विकत घ्यावी लागली की उरलेले १५० रुपयेही वसूल होतात. म्हणजे ज्याचे एकूण काम वीस दिवसांहून कमी आहे, त्याने 'अ' घेणे मूर्खपणाचे नाही. ज्याचे काम त्याहून अधिक आहे, त्याला ती परवडत नाही.

५. पोलादातील फरक

दोन अवजारे दिसायला सारखी असूनही एक टिकते व दुसरे वाकते, याचे कारण बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रक्रियेत असते. पोलाद लाल तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन थंड केले की ते कठीण होते. लोहार याला 'पाणी देणे' म्हणतात. परंतु असे पोलाद ठिसूळही होते, म्हणून ते पुन्हा कमी उष्णतेवर तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. पाणी कमी पडले तर पात्याची धार दुमडते, जास्त झाले तर पाते तडकते. स्वस्त मालात या प्रक्रियेवरील नियंत्रणच सैल झालेले असण्याची शक्यता असते. त्यामुळे एकाच खोक्यातील एक पाना उत्तम निघतो आणि दुसऱ्याचे तोंड पहिल्याच घट्ट बोल्टवर उघडते.

ड्रिलच्या बिटातही असेच असते. साध्या कार्बन पोलादाचे बिट लोखंडात भोक पाडताना तापले की त्याचा कठीणपणा जातो. 'हायस्पीड स्टील'चे बिट मात्र सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत धार टिकवून धरते. लाकडात अधूनमधून भोक पाडणाऱ्याला साधे बिट पुरते. मांडवाच्या लोखंडी अँगलमध्ये रोज भोके पाडणाऱ्याला पुरत नाही. विजेच्या यंत्रांत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार गुंडाळून किंमत उतरविता येते. अॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्केच असल्याने त्याच जाडीची तार अधिक तापते आणि सलग कामात यंत्र लवकर जळते.

६. सवलत म्हणजे नेमके काय ?

ग्राहक किंमत पाहू शकतो, परंतु पोलादाला दिलेले पाणी पाहू शकत नाही. विक्रेत्याला अधिक व ग्राहकाला कमी माहिती असली की बाजारात काय घडते, याचे विवेचन जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून केले. या विषयातील कार्याबद्दल त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा मुद्दा असा की, चांगला व वाईट माल ओळखता येत नसेल तर ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, आणि तो हळूहळू बाजारातून हटतो. स्वस्त अवजारांच्या बाजारात याची चिन्हे सहज दिसतात. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' अशी गत होऊन 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे कोणत्याही पान्यावर उमटलेली असतात.

सवलतीचा आकडाही फसवा असू शकतो. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टनावर उत्पादक, वेष्टक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि आयात माल असल्यास मूळ देश छापणे बंधनकारक आहे. कमाल किंमत ही विक्रीची वरची मर्यादा आहे. ती वस्तूच्या दर्जाचे मोजमाप नव्हे. १,२०० रुपये छापून ३६० ला विकलेली वस्तू 'सत्तर टक्के सवलतीची' दिसते, पण ती मुळातच ३६० रुपयांची असू शकते. म्हणून तुलना छापील किमतीशी न करता, त्याच कामाच्या दुसऱ्या अवजाराच्या प्रत्यक्ष विक्रीकिमतीशी करावी. या संदर्भात नाशिककरांना एक सोय आहे. हत्यारांची सुपरिचित उत्पादक टपारिया टूल्स ही कंपनी नाशिकचीच असून १९६९ पासून या व्यवसायात आहे. अशा प्रस्थापित देशी उत्पादकाच्या पक्कड-पान्याचा बाजारभाव हा तुलनेचा पाया म्हणून वापरता येतो.

७. जेथे काटकसर करू नये

काही अवजारांच्या बाबतीत खर्चाचा हिशेबच गैरलागू ठरतो, कारण अपयशाची किंमत डोळा, बोट किंवा जीव ही असते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतो. अशा वेळी १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीची कड सेकंदाला सुमारे ५७ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते. चकती फुटली तर तुकडे त्याच वेगाने उडतात. म्हणून चकतीवर कमाल फेऱ्यांची मर्यादा छापलेली असावी आणि ती ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा अधिक असावी. चकतीला मुदतही असते; मधल्या धातूच्या कड्यावर ती कोरलेली आढळते. मर्यादा व मुदत न छापलेली, ओल खाल्लेली किंवा कड उडालेली चकती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

हाच नियम विजेची हत्यारे, वाहन उचलण्याचा जॅक, शिडी, हातोडीचे डोके व दांडा आणि डोळ्यांचा चष्मा यांना लावावा. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, मानक क्रमांक व परवाना क्रमांक तपासावा. केवळ 'आयएसआय'सारखे दिसणारे चित्र पुरेसे नाही.

द्राक्षवेलीच्या बाबतीतही थोड्या वेगळ्या अर्थाने असेच म्हणता येईल. बोथट कात्री काडी कापत नाही, चिरडते. चिरडलेली जखम भरण्यास वेळ लागतो आणि छाटणीच्या जखमा हे खोडाच्या बुरशीजन्य रोगांचे प्रवेशद्वार असते. शंभर रुपये वाचवून अनेक वर्षांच्या वेलीला धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

८. नुकसान कोणाचे ?

आतापर्यंतच्या हिशेबात वाया गेलेला वेळ एकाच खात्यावर टाकला. प्रत्यक्षात तो कोणाच्या खात्यावर पडतो, हा कळीचा प्रश्न आहे. काम रोजंदारीवर असेल तर रोजची वीस मिनिटे बागायतदाराची जातात. तेच काम एकरी उक्ते दिले असेल तर ती मजुराची जातात. त्याच एकराला त्याला अधिक दिवस लागतात आणि मनगट दुखते तेही त्याचेच. अशा वेळी अवजार मालकाने पुरवायचे ठरले, तर स्वस्त कात्री घेण्यात मालकाचा वरवर तोटा दिसत नाही. अवजार मजुरानेच आणायचे असेल, तर सहाशे रुपये एकरकमी नसल्यामुळे तो दीडशेची कात्री घेतो आणि हंगामात ती पुन्हा पुन्हा विकत घेतो. गरिबी महाग पडते ती अशी. हा दोष त्याच्या समजुतीचा नाही, हाती असलेल्या रोकडीचा आहे. म्हणून 'स्वस्त घेऊ नका' हा उपदेश त्याला निरुपयोगी आहे. टोळीला उक्ते काम देताना चांगली कात्री, जादा स्प्रिंग व धारेचा दगड मालकाने पुरविणे हे दोघांच्याही हिताचे आहे, कारण छाटणी वेळेत व स्वच्छ होते.

कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना या दृष्टीने उल्लेखनीय आहे. अठरा पारंपरिक व्यवसायांत लोहार तसेच हातोडी व अवजारे बनविणारे यांचा समावेश असून साधनसंचासाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य देण्याची तरतूद तीत आहे. असे साहाय्य मिळाल्यास ते अनेक स्वस्त वस्तूंवर विभागण्याऐवजी रोज लागणाऱ्या दोन-तीन उत्तम हत्यारांवर खर्च करणे हितकारक ठरेल.

९. दुकानात करावयाच्या कसोट्या

(अ) कात्री उघडून दोन्ही पाती आडव्या दिशेने हलवून पाहावीत. सांध्यात खेळ असेल तर ती काडी कापण्याऐवजी दुमडते.
(आ) सांधा नट-बोल्टचा आहे की रिव्हेटचा, ते पाहावे. पाते व स्प्रिंग सुटे मिळते का, हे विचारावे आणि शक्य तर सुटा भाग दाखविण्यास सांगावे.
(इ) दुकानदाराच्या परवानगीने पात्याच्या न दिसणाऱ्या कडेवर बारीक कानस फिरवावी. नीट पाणी दिलेल्या पात्यावर ती घसरते, मऊ पात्यात रुतते. पाने मात्र लवचीक ठेवावे लागत असल्याने ही कसोटी त्यांना लावू नये.
(ई) पाना घेताना नवा बोल्ट सोबत न्यावा. त्याच मापाच्या डोक्यावर पाना लटलट हलत असेल तर तो बोल्टच्या कडा मारील.
(उ) मोठ्या संचातील नगांची संख्या पाहून भुलू नये. त्यांपैकी किती नग वर्षातून एकदा तरी लागतील, ते मोजावे व किंमत तेवढ्यांवरच भागावी.
(ऊ) पावती घ्यावी. छाटणीच्या कात्र्या, विळे, फावडी अशी हातशेतीची अवजारे वस्तू व सेवा करातून २०१७ पासून मुक्त असल्याने 'बिल घेतले तर कर लागेल' ही सबब त्यांना लागू होत नाही.

पावतीचे महत्त्व तक्रारीच्या वेळी कळते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार व्यापारी हेतूने केलेली खरेदी संरक्षणाबाहेर असली, तरी स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू संरक्षणात येते. म्हणजे स्वतः वेल्डिंग करणारा कारागीर यंत्राच्या दोषाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते व पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक उपलब्ध आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) क्वचित लागणारे, हरवण्याची किंवा उसने जाण्याची शक्यता असलेले आणि मोडल्यास इजा न करणारे अवजार स्वस्त घेणे योग्य आहे. एखादे अवजार आपल्याला खरोखर किती लागते हे ठाऊक नसेल, तर प्रथम स्वस्त घ्यावे. ते वापराने झिजले, तर गरज सिद्ध झाली असे समजून पुढचे चांगले घ्यावे.

२) रोजच्या कामाचे अवजार मध्यम किमतीचे, परंतु दुरुस्त होणारे असावे. सर्वांत महाग अवजार वर्षभर तेच काम करणाऱ्यालाच परवडते.

३) जीव, डोळे, हात किंवा बहुवर्षीय पीक यांना धोका असेल, तेथे किमतीआधी मानक पाहावे.

४) वर्षातून दोन-चार दिवस लागणारी महाग यंत्रे व्यक्तीने घेण्यापेक्षा गटाने घ्यावीत. मोहाडी येथील सह्याद्री फार्म्सच्या रूपाने एकत्रित विक्रीचा अनुभव दिंडोरी तालुक्याला आहे. तोच विचार सामायिक खरेदी व धार लावण्याच्या सोयीपर्यंत नेता येईल.

५) गावात धार लावणारा, पाते बसविणारा कारागीर टिकला, तर साध्या अवजाराचे आयुष्य वाढते. तो नाहीसा झाला, तर चांगले अवजारही एका हंगामाचे ठरते.

थोडक्यात, स्वस्ताई ही वस्तूच्या अंगी असलेला गुण नाही. ती वस्तू, काम आणि ते काम करणारा हात यांच्यातील संबंधावर अवलंबून असते. किती दिवस वापरणार, बिघडल्यास कोण दुरुस्त करणार आणि मोडल्यास कोणाचे नुकसान होणार, ही तीन उत्तरे हाती असणाऱ्या ग्राहकाला सवलतीच्या पाटीवरील आकडा फसवू शकत नाही.